मधल्या शांततेतली शिट्टी

रविवार, ४ फेब्रुवारी २००७. दुपार. जागा : गंगापूर धरणाच्या बाजूचा एक द्राक्षमळा. हजर : अनिल माळोदे, फारूक शेख, देवरे सर आणि मी. मधुकर देवरे : उत्तर आलं नाही.

हजेरी मीच लिहायचे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आलेला, गेलेला आणि उरलेला माल लिहून ठेवण्यात माझा दिवस जातो. ती सवय रविवारीही सुटत नसे. शेवटची नोंद मात्र माझ्या पद्धतीची नाही, ती देवरे सरांची आहे. सुरुवातीला मी मधुकरपुढे सरळ 'गैरहजर' लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीनं ते हलकेच खोडलं. म्हणाले, "गैरहजर आपण ठरवायचं नसतं, सुनंदाबाई. आपण फक्त हाक मारतो. उत्तर आलं नाही, एवढंच लिहावं."

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे देवळ्याचे. घरी कांद्याची शेती. पंचवटीत आमच्या पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन्सिल, गजरही घाबरेल इतकी वेळेची शिस्त. वर्गात हजेरी घेताना एखादं पोर बोललं नाही तर ते त्याचं नाव तीनदा पुकारत आणि प्रत्येक वेळी थोडं थांबत. न आलेल्या पोरासाठीसुद्धा. मुलं त्यांची नक्कल करायची. सरांना ते माहीत होतं.

असा माणूस आमच्या हेवी मेटलच्या टोळक्यात कसा, हे विचारणारे पुष्कळ होते.

टोळकं म्हणजे आम्ही तिघंच. अनिल माळोदे, म्हणजे अन्या, माझा शेजारी. त्याच्या घरची फुलशेती, आणि पंचवटीत फुलांचं गोडाऊन. त्या गोडाऊनच्या माडीवर आम्ही रविवारी दुपारी जमायचो. खालून झेंडूचा वास वर यायचा आणि वरून ड्रमचा दणका खाली जायचा. फारूकभाईचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. डेक त्याचा, कॅसेटी त्याच्या. आणि मी, अन्याच्या नादानं लागलेली. आमचा लाडका बँड एकच. इंग्लंडातला, जुना. कॅसेटच्या कव्हरावर त्यांचं नाव अशा काटेरी अक्षरांत होतं की कुणालाच धड वाचता येत नसे. आम्ही त्यांना 'म्हातारे' म्हणायचो.

सरांचा धाकटा भाऊ मधुकर कॉलेजला असताना सरांकडेच राहायचा. तो फारूकचं पक्कं गिऱ्हाईक. त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हाताऱ्यांचं जे नवीन येईल ते माझ्यासाठी बाजूला ठेव. मग त्याला बोटीवर नोकरी लागली आणि तो गेला. दोन-अडीच वर्षांनी कंपनीचं कळवणं आलं, की तुमचा भाऊ एका बंदरात खाली उतरला, तो परत बोटीवर आला नाही. बंदराचं नाव होतं, पण चौकशीत काहीच निघालं नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर चिठ्ठी नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी सर दुकानावरून जात होते, तेव्हा फारूकनं हाक मारली. "सर, मधूनं सांगितलेली कॅसेट आलीय. लाइव्ह आहे. ठेवू की विकू?"

सरांना ते संगीत मुळीच आवडत नसे. भावानं सांगितलेली वस्तू आहे, एवढ्यासाठी त्यांनी ती घेतली. घरी लावली. बी बाजूला दुसरं गाणं संपतं आणि तिसरं सुरू होतं, तिथं थोडी शांतता आहे. लोक ओरडत असतात, मग गप्प होतात. त्या गप्पपणात कुणीतरी शिट्टी मारतं. एक लांब, खाली उतरत जाणारी, आणि मागोमाग दोन आखूड. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या शिट्टीवर गाणं कोसळतं.

ही शिट्टी देवळ्यातली आहे, असं सर म्हणत. देवळ्यातलीही नाही, त्यांच्या मळ्यातली. कांद्याला पाणी भरताना एक भाऊ विहिरीवर मोटरजवळ असायचा आणि दुसरा पार खालच्या अंगाला वाफ्यात. हाक ऐकू जायची नाही. शेवटचा वाफा भरला की मधू तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारायचा : भरलं, बंद कर. सर विहिरीवरून उलटं उत्तर द्यायचे, आधी दोन आखूड, मग एक लांब. उत्तर मिळालं की मधू पाय धुऊन घरी.

"आणि उत्तर नाही दिलं तर?" अन्यानं एकदा विचारलं होतं.

"तर तो तिथंच उभा राहणार," सर म्हणाले. "पाण्यात."

शिट्टी घेऊन सर फारूककडे गेले आणि फारूक त्यांना आमच्या माडीवर घेऊन आला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती कॅसेट कुठल्या गावात आणि कधी ध्वनिमुद्रित झाली? मधू बोटीवरून उतरल्यानंतरची असेल तर मधू उतरल्यावर जिवंत होता. आधीची असेल तर काहीच सांगता येत नाही. कव्हरावर ना गाव, ना साल. फारूकचा माल कुठून कुठून यायचा, त्यालाच ठाऊक नसे. पुढं सायबर कॅफे आले, तिथंही शोधलं. एक जण एक साल सांगायचा, दुसरा दुसरं.

आमच्या टोळक्याचा एक खेळ होता. म्हातारे कधी भेटले तर काय विचारायचं, याची यादी. ती अर्थात माझ्याकडे. नियम एकच : माणशी एक प्रश्न, नवा घालायचा तर जुना काढायचा. अन्याचे प्रश्न दर महिन्याला बदलायचे. एवढ्या केसांना कुठलं तेल लावता, इथपासून दोन्ही पायांनी ड्रम बडवून गुडघे दुखत नाहीत का, इथपर्यंत. फारूकला विचारायचं होतं, दुसऱ्या गिटारवाल्याला का हाकललं. मला जाणून घ्यायचं होतं, की इतक्या वायरी गावोगाव नेताना त्या मोजून कोण घेतं. सरांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून तोच : बी बाजू, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये, कुठलं गाव, कुठला महिना.

"सर, एवढे मोठे लोक भेटणार आणि तुम्ही महिना विचारणार?" अन्या चिडवायचा. "जाताना पंचांग न्या बरोबर."

"तू तेल विचार, मी महिना विचारतो," सर म्हणायचे. "दोघांचंही डोकंच आहे त्यात."

ते झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर बसायचे, ठरलेल्या कोपऱ्यात. खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानात घालायचे. गाणं संपत आलं की बोळे काढायचे, मधली शांतता ऐकायचे, आणि पुढचं गाणं सुरू झालं की परत घालायचे. कुठल्याही कॅसेटला. फारूक म्हणायचा, "सर, जगात तुम्ही एकलेच असाल. लोक गाण्याचे पैसे देतात, तुम्ही फुकटच्या जागेचे." त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. "गाणं त्यांचं. मधलं आपलं."

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. भिंतीवर मधूची चित्रं ओळीनं लावलेली. मधूच्या वाढदिवसाला सर दर वर्षी एक चित्र काढत, त्याला एका वर्षानं मोठं करून. दिसला तर ओळखता यावा म्हणून. पहिल्या चित्रात मिसरूड आणि हसरे डोळे. मग गाल भरले, कपाळ मोठं झालं, कानशिलांवर पांढरं आलं. बोटीवर गेलेलं पोर त्या भिंतीवर हळूहळू चाळिशीकडे चाललं होतं. शेवटच्या दोन चित्रांपाशी मी थांबले. दोन्ही अगदी सारखी होती.

"यात फरक कुठला, सर?"

"नाहीये," ते म्हणाले. "या वर्षी हात पुढं जाईना."

त्यांची आई देवळ्यालाच असायची. खूप थकलेली. मधूचं तेरावं करायला भाऊबंद मागं लागले होते, ती करू देत नव्हती. अंगणातल्या खुंटीला मधूचा टॉवेल होता, तो ती धुऊन परत तिथंच टांगायची. सर शनिवारी गेले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "इचारं का रे म्हातारासले? मधू कोठे शे?" कुणी म्हातारे आहेत, त्यांना विचारलं की मधूचा पत्ता लागेल, एवढं तिला माहीत होतं. म्हातारे म्हणजे तिला गावातल्या पारावरचे वाटत असावेत.

आता एक रविवार सांगते. मी व्यवहारी बाई आहे, जसं घडलं तसं सांगते.

कॅसेट लावली होती. सरांनी बोळे काढले. पहिली शिट्टी आली. सर त्या दिवशी देवळ्याहून रात्रभर आईपाशी जागून आले होते, डुलकी लागल्यासारखे बसले होते. त्यांनी नकळत तोंडात बोटं घातली आणि उत्तर दिलं. दोन आखूड, एक लांब.

दुसरी शिट्टी आली नाही. तिसरीही नाही. शांतता तेवढ्याच लांबीची होती, पण तिच्यात काही नव्हतं. मग गाणं कोसळलं.

अन्या माझ्याकडे बघत राहिला. फारूकनं कॅसेट मागं घेतली, परत लावली. तीनही शिट्ट्या होत्या, जशा नेहमी असत.

"सर, परत एकदा द्या बरं उत्तर," अन्या म्हणाला.

"नाही."

"एकदाच. बघू तरी."

"उत्तर दिलं की तो पाय धुऊन घरी निघणार," सर म्हणाले. "कुठल्या घरी, ते मला कळल्याशिवाय कसं निघ म्हणू?"

फारूकनं डेकचं हेड कापसानं पुसलं. टेप ताणली असेल, असं तो म्हणाला. मीही तसंच म्हणाले. त्यानंतर सर शिट्टीच्या वेळी हात मांडीखाली घेऊन बसायचे.

अशी वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. फारूकनं दुकानात मोबाइलची कव्हरं ठेवायला सुरुवात केली. आणि मग अन्या बातमी घेऊन आला : धरणाच्या बाजूला ज्या नव्या वाइनच्या मळ्यात त्याची फुलं जातात, तिथं म्हातारे येणार आहेत. बँडमधले जुने दोघंच उरले होते, गायक आणि ड्रमवाला. बाकी भरतीची पोरं. संध्याकाळी कार्यक्रम, त्याआधी चाहत्यांशी गप्पा. स्टेजच्या फुलांचं काम अन्याचं, म्हणून आम्हाला पुढच्या खुर्च्या.

सर त्या दिवशी स्कूटरवर आले. नवा पांढरा शर्ट. कॅसेट वरच्या खिशात. मला म्हणाले, "आईला सांगून आलोय, आज विचारणार म्हणून." अंगणात बसून ती वाट बघणार होती.

हिरवळीवर पुण्या-मुंबईची पोरं हातात ग्लास घेऊन बसली होती. गायकाच्या गळ्यात दोरीला चष्मा होता. ड्रमवाला गुडघ्याला पट्टा बांधून बाजूला गप्प बसला होता. अन्यानं गुडघ्याचं विचारलं. गायकानं ड्रमवाल्याच्या पायाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, एक बदलून झालाय, दुसऱ्याची पाळी आहे. फारूकनं गिटारवाल्याचं विचारलं. "आम्ही त्याला नाही हाकललं, त्यानं आम्हाला हाकललं," गायक म्हणाला. माझ्या वायरींच्या प्रश्नावर दोघंही हसले. वायरी ड्रमवाल्याची बायको मोजते, आणि एक कमी भरली तर कुणाला जेवू देत नाही. ती बाई मला भेटायला हवी होती.

मग सर उभे राहिले. मराठीत बोलले, फारूक इंग्रजीत सांगत गेला. बी बाजू. दुसरं आणि तिसरं गाणं. कुठलं गाव, कुठला महिना.

गायकानं चष्मा लावला, काढला. म्हणाला, "खरं सांगू? ते एका रात्रीचं नाही. गाणी इकडची तिकडची आहेत. लोकांचा आवाज तर वेगळाच, निरनिराळ्या गावांचा साठवलेला, नंतर वरून घातलेला. तेव्हा सगळे तसंच करायचे. त्याला गाव नाही आणि महिनाही नाही."

फारूकनं हे सांगितलं आणि सरांकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं यादीत राहिलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. सर उभेच होते. मग त्यांनी तोंडात बोटं घातली आणि मधूची शिट्टी मारली. एक लांब, दोन आखूड.

मागची पोरं हसली. ड्रमवाला हसला नाही. त्यानं मान वर केली.

"ती आम्ही काढून टाकली होती," तो म्हणाला.

फारूकनं त्याला परत विचारलं. ड्रमवाला सावकाश बोलला. कुठलंसं बंदराचं गाव होतं, नाव त्याला सांगता येईना. प्रत्येक गाणं संपलं की ती शिट्टी यायची. दुसऱ्या रात्रीही आली. आवाजाचं काम बघणारा वैतागला होता. ती कौतुकाची शिट्टी नव्हती, कुणाला तरी बोलावल्यासारखी होती. ऐकणाऱ्याला मागं वळून बघावंसं वाटायचं. म्हणून कापून टाकली. तुमच्या कॅसेटवर ती कशी आली?

"कच्च्या टेपवरून चोरून काढलेला माल असेल आपला," फारूक मला मराठीत पुटपुटला.

सरांनी विचारलं, "माणूस दिसला का?"

नाही. वर दिवे असतात, खाली अंधार असतो.

"साल?"

ड्रमवाल्यानं बराच विचार केला. आठवत नाही, म्हणाला.

"त्याला कुणी उत्तर दिलं का?"

"नाही," ड्रमवाला म्हणाला. "म्हणून तर तो थांबत नव्हता."

सरांनी मान हलवली, आभार मानले आणि खाली बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा प्रश्न काढा यादीतून."

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. सरांनी बोळे घातले. दुसरं गाणं संपलं, तेव्हा ते काढले. ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि आमच्या बाजूला बघितलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. लोक गप्प झाले. तेव्हा स्टेजच्या पलीकडून, द्राक्षाच्या ओळींतून, शिट्टी आली. एक लांब, खाली उतरत जाणारी. दोन आखूड.

अन्यानं माझं मनगट धरलं.

एखाद्या टवाळ पोरानं दुपारची नक्कल केली असेल. मळ्यातला कुणी मजूर असेल. हे सगळं मी तिथल्या तिथं मनात मांडून बघितलं. पण पोरं सगळी पुढं होती आणि मजूर जेवायला गेलेले. आणि द्राक्षांना ठिबक असतं. तिथं पाणी भरायला कुणी उभं राहत नाही.

शिट्टी पुन्हा आली. सर उठले. या वेळी त्यांनी सावकाश, दोन्ही हातांची बोटं पुसून, तोंडात घातली आणि उत्तर दिलं. दोन आखूड, मग एक लांब. ती लांब शिट्टी त्यांनी दम संपेपर्यंत ओढली. मग ते खुर्च्यांमधून वाट काढत ओळींकडे चालत गेले. पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला, नंतर दिसला नाही. तिसरी शिट्टी आली नाही.

कार्यक्रम संपायच्या आत ते परत आले. पायजमा पोटरीपर्यंत भिजलेला, चपला हातात, पायांना चिखल. मळ्यात सगळीकडे जमीन कोरडी होती. मी दुसऱ्या दिवशी अन्याला पाठवून बघून घेतलं.

"कुठं होतात, सर?" फारूकनं विचारलं.

"पाणी बंद करून आलो," सर म्हणाले.

त्यांनी रुमालानं पाय पुसले, स्कूटरला किक मारली आणि थेट देवळ्याला गेले. आईला काय सांगितलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्याच महिन्यात रामकुंडावर मधूचं सगळं केलं. आईनं करू दिलं. आम्ही तिघं गेलो होतो. ठेवलेलं चित्र पहिलं होतं, मिसरूड फुटलेल्या पोराचं. बाकीची सरांनी भिंतीवरून काढली होती. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

सरांनी नोकरी सोडली आणि ते मळ्यात राहायला गेले. पुढच्या हिवाळ्यात मी कांदे घ्यायला देवळ्याला गेले, तेव्हा शेवटची भेट झाली. दुपारची वेळ. ते विहिरीवर मोटरपाशी उभे होते, एक हात स्टार्टरवर, मान किंचित कलती. पाणी पाटातून खाली चाललं होतं. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मी थांबले.

मी रान बघून घेतलं. खाली वाफ्यांत कुणी नव्हतं. बांधावरही कुणी नव्हतं. एक बगळा होता.

जरा वेळानं त्यांनी मोटर बंद केली आणि वळून उत्तराची शिट्टी मारली. "भरलं," म्हणाले, आणि चहाला चला म्हणाले. मी काहीही ऐकलं नव्हतं. जाताना मी वाट वाकडी करून शेवटच्या वाफ्यापाशी गेले. तो काठोकाठ भरलेला होता. एक थेंब बाहेर नाही.

निघताना त्यांनी खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "हिच्यावर दुसरं काहीतरी भरून टाका, बाई. काहीही चालेल. मधली जागा ठेवू नका." मी हो म्हणाले.

सर आता नाहीत. फारूकनं जुना डेक दुरुस्त करून माझ्याकडे आणून ठेवला आहे, काय भरायचं ते अन्यानं निवडून दिलं आहे. कॅसेट कपाटात वरच्या खणात आहे. मी ती परत ऐकलेली नाही. शिट्टी आली तर उत्तर द्यायला हवं, आणि आमच्यात कुणाला तशी शिट्टी मारता येत नाही.

माझ्या कामांच्या यादीत इतर सगळ्या ओळींपुढे खूण झालेली आहे. एक तेवढी राहिली आहे : बी बाजू, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये, काहीतरी भरणे.